जात्याला सांगितलेलं

देवगिरीच्या किल्ल्याखालच्या एका गावात एक शेतकरी राहत होता. त्याची एकुलती बहीण पैठणच्या अंगाला दिलेली. बैलजोडीच्या सौद्यावरून मेव्हण्याशी त्याचं वाजलं, आणि चार पंचम्या गेल्या तरी त्यानं बहिणीला माहेरी आणलं नाही.

त्याची मुलगी लग्नाला आली होती. फाल्गुनात ती मायबरोबर नाथषष्ठीला पैठणला गेली. तिथं आत्या भेटली, आत्याचा मुलगाही भेटला. त्यानं गोदावरीची घागर भरून आणून दिली, एवढंच. पोर घरी आली ती निराळीच होऊन.

बापाला सांगणार कोण? मायलाही धीर होईना.

एका पहाटे मायलेकी दळायला बसल्या. माय वैरण घालत होती. पोरीनं खुंटा धरला आणि ओवी सुरू केली. तिच्यात मुलाचं नाव नव्हतं, लग्नाचंही नव्हतं. भाऊ न्यायला येईल म्हणून वाटेकडे डोळे लावून बसलेल्या बहिणीची ती ओवी. आत्या लग्नाआधी याच जात्यावर म्हणायची.

ओसरीवर बापाची झोप उडाली. "गाणं पुरं! पीठ जाडं येतंय," तो ओरडला.

दुसऱ्या दिवसापासून जातं मुक्यानं फिरू लागलं. पीठ बारीक येत होतं. बापाची मात्र पहाट सरता सरेना.

आषाढाच्या शेवटी तो बाजाराला शहरात गेला. आजचं छत्रपती संभाजीनगर, तेव्हाचं औरंगाबाद. पाणचक्कीपाशी त्यानं बैल सोडले. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीनं येत होतं आणि जातं आपोआप फिरत होतं. जुन्या काळी दर्ग्यातल्या फकिरांचं दळण तिथं होई. खुंट्याला हात नाही, तोंडी ओवी नाही. तो बराच वेळ ऐकत उभा राहिला. आठ दिवस त्याच्या घरात हाच आवाज होता.

त्यानं बैल जुंपले आणि गाडी घराकडे न वळवता पैठणच्या रस्त्याला घातली.

पंचमीच्या आदल्या दिवशी बहीण माहेरच्या उंबऱ्यात उभी राहिली. पहाटे जात्याच्या एका बाजूला आत्या, दुसऱ्या बाजूला भाची.

"गाणं का थांबलंय गं?" बापानं ओसरीवरून विचारलं. कुणी बोललं नाही. मग तोच म्हणाला, "अक्का, पोरीला मागणं घालायचं असेल तर घाल. मेव्हण्याशी मी बोलतो."

पोरीनं बापापुढं मनातलं बोलायचं नाही, अशी ती घरं होती. म्हणून बायका जात्याशी बोलत, आणि पलीकडं कुणी जागं आहे हे त्यांना ठाऊक असे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सुरू केलेल्या कामातून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. जागं राहून त्या ऐकणाऱ्या बापांची मोजदाद कोण करणार?

लग्नाची हळद त्याच जात्यावर दळली. त्या पहाटे बाप लवकर जागा झाला, पण दळण संपेपर्यंत अंथरुणातून उठला नाही.