लष्कराच्या भाकऱ्या, पगारी

आमच्या घराण्यात कारकून झाले, मास्तर झाले. एक काका विम्याचे एजंट झाले, तरी नातेवाईक अजून त्यांना घरात घेतात. पण समाजकार्य शिकायला निघालेला मीच पहिला.

"लष्कराच्या भाकऱ्या भाजायला दोन वर्षं शिकावं लागतं?" बाबांनी वर्तमानपत्राआडून विचारलं. मी म्हटलं, "मुंबईत १९३६ पासून शिकवतात. सर दोराबजी टाटांच्या नावानं नागपाड्याला शाळा निघाली होती. एम.एस.डब्ल्यू. म्हणजे चांगली पदव्युत्तर पदवी आहे." टाटांचं नाव ऐकून बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "मग पगार किती?" मी आकडा सांगितला. त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा वर घेतलं.

मामाची हरकत नेमकी उलटी. "पगार घेणार? मग ती सेवा कसली रे? बाबा आमट्यांनी वरोऱ्याला आनंदवन उभं केलं ते काय महागाई भत्त्यासाठी?" (मामा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला. महागाई भत्त्याचे सगळे हप्ते त्याला रामरक्षेसारखे पाठ आहेत.)

थोडक्यात, पगार कमी म्हणून बाबा नाराज आणि पगार आहे म्हणून मामा नाराज. खरं सांगायचं तर मला आतून मामाचंच पटत होतं. आठवड्यातून दोन दिवस आम्हाला क्षेत्रकार्यासाठी वस्तीत जावं लागे. तिथं मी फुकट काम करतो, याचा मला केवढा अभिमान!

वस्तीत भाजी विकणाऱ्या एक मावशी होत्या. नवरा वारलेला. संजय गांधी निराधार योजनेचा त्यांचा अर्ज मी भरून देत होतो. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला... माणूस निराधार आहे हे सिद्ध करायला कागदांचा केवढा आधार लागतो! "गुरुवारी तहसील कचेरीत या, मी दहाला येतो," असं मी त्यांना सांगितलं.

नेमका गुरुवारी मावसबहिणीचा साखरपुडा निघाला. 'फुकटचं तर काम, एक दिवस मागंपुढं झालं तर काय बिघडलं,' म्हणून मी तिकडे गेलो. तिथं मामानं माझी ओळख करून दिली, "हा आमचा समाजसेवक!" सगळ्यांनी कौतुक केलं. मी विनयानं मान खाली घातली आणि श्रीखंड पुन्हा घेतलं.

पुढच्या खेपेला मावशी रागावल्या नाहीत. तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "चारपर्यंत बसले रे बाबा. टोपली लावली नाय त्या दिवशी." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुला पगार नाय ना, मग तुला बोलायचं तरी कसं? पगारी माणूस असता, तर चांगला झाडला असता."

माझी फुकटची सेवा त्यांना एका दिवसाच्या कमाईला पडली होती, आणि जाब विचारायची सोयही मी त्यांना ठेवली नव्हती. उपकार करणारा आपल्या मर्जीनं येतो, मर्जीनं जातो. समोरच्यानं फक्त आभार मानायचे.

आता मामानं विचारलं, तर मी म्हणणार आहे, "पगार घेईन. आमट्यांसारखी माणसं स्वतःलाच जाब विचारतात, त्यांची गोष्ट वेगळी. माझ्यासारख्याला कुणीतरी झाडणारं लागतं."

बाबांना काय सांगायचं, ते मात्र अजून सुचलेलं नाही. आकडा तोच आहे.