एका तबकडीचा तंटा

सरकारी दफ्तरखान्यात उभी हयात घालवून निवृत्त झालेले माझे एक वयोवृद्ध स्नेही आणि शास्त्रोक्त गायनाची तालीम घेणारी त्यांची भाची यांच्यात परवा जो वाद झाला, त्यात माझी भूमिका केवळ साक्षीदाराची होती. तथापि साक्षीदारालाही स्वतःचे मत असते आणि ते मी झाकून ठेवणार नाही. वादाचा विषय होती लाखेची एक तबकडी: एकाच अंगास गाणे असलेली, पाठीवर लेखणीने वर्तुळ कोरणाऱ्या देवदूताची मुद्रा वागवणारी, आणि 1908 साली कलकत्त्यास कारखाना निघण्यापूर्वी, गाणे येथे टिपून तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हरहून ठोकून आणीत, त्या काळातली. गाणारी कोणी कलावंतीण, जिचे नाव त्या लेबलाखेरीज कोठे आढळत नाही. दुसरी प्रत कोणाच्या संग्रही असल्याचे मामांच्या ऐकिवात नाही.

“मामा,” भाची म्हणाली, “चोरबाजारातून आणल्यापासून ही रेकॉर्ड तुम्ही एकदाही लावली नाहीत.”

“लावू कशी? त्या लाखेत दगडाची पूड मुद्दाम मिसळलेली असते, पोलादी सुई घासून खाचेच्या आकारास यावी म्हणून. यास्तव दर बाजूला नवी सुई लागे. सुई झिजते, तशी खाचही झिजते. शिवाय कडेला तडा आहे, तो निराळाच.”

“ते भोंग्याच्या यंत्राचे झाले. आता काही ग्रॅम भाराची सुई मिळते. एकदा लावा, नक्कल उतरवून घ्या, आणि मग खुशाल कुलूप घाला.”

“नक्कल कोणत्या गतीने उतरवशील?”

मला वाटले होते, मामा केवळ कालहरण करीत आहेत. परंतु त्यांनी जे सांगितले ते ऐकून मी सावरून बसलो. मिनिटाला 78 फेरे हा नियम स्थिरावला तो पुढे. त्या आरंभीच्या दिवसांत यंत्र कधी 72 ने फिरे, कधी 76 ने, आणि तबकडीवर त्याची नोंद नसे. गतीत शेकडा सहाचा फरक पडला की गाणे अर्ध्या सुराने चढते अथवा उतरते, लयही त्याच प्रमाणात बदलते, आणि धीरगंभीर प्रौढेच्या गळ्याची क्षणात चिरकी पोर होते.

“पेटीची साथ असेल तर पेटीवरून ठरवता येईल,” भाची म्हणाली.

“पेटी इतकेच सांगेल की बाई कोणत्या तरी पट्टीत गात होती. पांढरी चार की काळी तीन, हे तिने का सांगावे? एक खोटी नक्कल जगभर फिरली की लोक तिलाच त्या बाईचा आवाज समजतील. दफ्तरात आम्ही प्रत्येक नकलेचा अस्सलाशी मुकाबला करीत असू. अस्सलच घासून संपवले, तर मुकाबला कशाशी करणार?”

“म्हणजे मुकाबल्यासाठी अस्सल ठेवायचे, आणि नक्कल मात्र होऊच द्यायची नाही!”

येथे मामा किंचित हसले. भाचीने मग केसरबाई केरकरांचा विषय काढला, आणि तो अप्रस्तुत नव्हता. केसरबाईंचे गुरू अल्लादियाखाँ यांचा आवाज तबकडीवर उरलेला नाही; बाईंनीही ध्वनिमुद्रिका मोजक्याच दिल्या. घराण्याची चीज परक्या कानी पडू नये ही जुनी धास्ती, आणि एकमेव प्रत पेटीत ठेवण्याची संग्राहकाची हौस, यांचे गोत्र माझ्या मते एकच. पण त्याच केसरबाईंची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांवर, सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीत घालून, सूर्यमालेबाहेरच्या प्रवासाला निघाली; त्या वेळी बाई हयात होत्या.

“आणि मामा, त्या तबकडीच्या वेष्टनावर सुई कशी ठेवावी, फेऱ्याला किती वेळ लागावा, हे हायड्रोजनच्या अणूवरून काढलेल्या कालमापाने चितारले आहे. ज्यांना आपली भाषा नाही, कदाचित कानही नाहीत, त्यांच्यासाठी गती लिहिली गेली. तुम्ही लिहा की! तीन गतींच्या तीन नकला काढू, आणि प्रत्येकीवर नमूद करू की गती अंदाजाने धरली आहे.”

मामा उत्तरले नाहीत. त्यांनी तबकडी दिव्याखाली तिरपी धरली. आतल्या कोऱ्या कडेवर कोरलेला बारीक क्रमांक मला दाखवला आणि म्हणाले, कंपन्या लेबले बदलीत, हा आकडा बदलीत नसत. ही नजर, हा व्यासंग नसता, तर एखाद्या नातवाने वजनावर विकलेल्या रद्दीबरोबर ही बाईही भंगारात गेली असती, एवढे माप मामांच्या पदरात घातलेच पाहिजे. संग्राहकाच्या लोभाची निंदा करणारे आपण सारे त्याच लोभाच्या शिल्लकीवर गाणे ऐकतो.

परंतु भाचीचा पुढचा प्रश्न अडचणीचा होता. “उद्या एखाद्या गोदामात हिच्या वीस प्रती निघाल्या, तर आज रात्री ही लावाल का?”

“लावीन,” मामा म्हणाले. आणि काही वेळाने, काहीशा अनिच्छेने, “पण मग बहुधा इतक्या उत्कंठेने ऐकणार नाही.”

हे उत्तर प्रामाणिक होते, आणि मला ते सर्वस्वी निंद्यही वाटले नाही. दुर्मिळतेमुळे माणूस तीन मिनिटांचे गाणे जीव कानांत गोळा करून ऐकतो, हेही खरेच. पण त्यांनी ते अद्याप ऐकलेलेच नव्हते.

अखेरीस तीन नकलांची अट मामांनी मान्य केली. तडा गेलेल्या रेकॉर्डी हाताळणारा माहीतगार कोण, याचीही चर्चा झाली. तंटा उरला तो एवढाच, की नकला कोणाच्या हवाली करायच्या. भाचीचे म्हणणे, मागेल त्याच्या. मामांचे म्हणणे, आपल्या हयातीत कोणाच्याच नव्हे. गतीचा, तड्याचा, मुकाबल्याचा प्रश्न निकालात निघाल्यावरही मामा जे धरून बसले होते, त्याचा त्या बाईच्या गाण्याशी काही संबंध उरला होता असे मला वाटत नाही, आणि मी तसे त्यांना सांगितलेही.