ग्रंथ आणि शब्द

शास्त्रवाचन : योहान १:१-१८, १ पेत्र ३:१५-१६



काही वर्षांपूर्वी मी आगगाडीने भुसावळहून नागपूरला चाललो होतो. मांडीवर मराठी शुभवर्तमानाची मुद्रिते होती; शेजारी ग्रीक नवा करार व मराठीतील दोन जुनी भाषांतरे. समोर एक वयोवृद्ध मौलवीसाहेब बसले होते. बराच वेळ माझे काम पाहिल्यावर त्यांनी अदबीने विचारले, "पाद्रीसाहेब, आपल्याजवळ ही चार पुस्तके आहेत. ह्यांतले देवाचे कोणते?"

मी पाळक नसून भाषांतरकार आहे असे सांगून मी उत्तर देऊ लागलो. हस्तलिखिते, त्यांचा काळ, भाषांतराचे नियम, सर्व काही सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. अकोल्याला उतरताना ते म्हणाले, "आपण आपल्या किताबाची वकिली उत्तम केलीत." हे वाक्य प्रशंसेचे होते, परंतु ते आजही मला टोचते. त्याचे कारण शेवटी सांगेन. आधी त्यांच्या प्रश्नाचा विचार करू.

त्यांचा प्रश्न चेष्टेचा नव्हता. तो त्यांच्या श्रद्धेतून आलेला होता. इस्लामच्या श्रद्धेप्रमाणे इ. स. ६१० पासून सुमारे २३ वर्षे जिब्राईल ह्या देवदूताच्या द्वारे पैगंबर मुहंमद ह्यांच्यावर कुरआन अवतरले. त्यातील अर्थच नव्हे, तर अरबी शब्दही ईश्वराचे आहेत. शाह वलीउल्लाह ह्यांनी अठराव्या शतकात कुरआनचे फारसी भाषांतर केले व त्यांचे पुत्र शाह अब्दुल कादिर ह्यांनी उर्दू. ह्या भाषांतरांना मोठा मान आहे. तथापि नमाजात पठण होते ते अरबीचेच. भाषांतर अर्थ समजावते, ते स्वतः कुरआन होत नाही. म्हणूनच संपूर्ण ग्रंथ मुखोद्गत करणाऱ्या हाफिजाला मुसलमान समाजात एवढा आदर मिळतो.

आता आपले पवित्र शास्त्र पाहा. त्यात ६६ पुस्तके आहेत. कॅथलिक परंपरेत ७३. ती हजाराहून अधिक वर्षांच्या काळात, इब्री, अरामी व ग्रीक भाषांत, अनेकांच्या हातून लिहिली गेली. लूक आपण शोध घेऊन लिहीत असल्याचे आरंभीच सांगतो (लूक १:१-४). पौलाच्या पत्रांत पौलाचा स्वभाव दिसतो, त्याचे अश्रू दिसतात. हे सर्व लेखन पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने झाले अशी आपली श्रद्धा आहे (२ तीमथ्य ३:१६). परंतु त्या आत्म्याने लेखकांची मने पुसून टाकली नाहीत. मुसलमान वाचकाला येथेच अडखळल्यासारखे होते. ईश्वराच्या वचनात मनुष्याचा आवाज कसा, असे त्याला वाटते.

ह्याचे मूळ आपण तुलना कशाची कशाशी करतो ह्यात आहे. आपण बायबल व कुरआन शेजारी शेजारी ठेवतो. खरे पाहता कुरआनच्या समोर ठेवायचे ते बायबल नव्हे, तर प्रभू येशू ख्रिस्त. देवाचा सनातन शब्द जगात आला असे आपण मानतो. कुरआन हे ईश्वराचे अनिर्मित वचन आहे असे सुन्नी परंपरा मानते. तो शब्द कोठे आला, हा खरा प्रश्न आहे. ते म्हणतात, ग्रंथात. योहान म्हणतो, त्याने मानवी देह धारण केला (योहान १:१४). आपला ग्रंथ त्याची साक्ष देतो (योहान ५:३९).

ह्यामुळेच आपण भाषांतराला भीत नाही. प्रभू अरामी बोलत असे. शुभवर्तमाने मात्र ग्रीकमध्ये आहेत. 'तलीथा कूम' हे त्याचे शब्द मार्काने जसेच्या तसे जपले आणि लगेच त्यांचा अर्थही दिला (मार्क ५:४१). सुवार्तिक स्वतःच भाषांतरकार होता! १८११ साली श्रीरामपूरला कॅरीचा मराठी नवा करार छापला गेला. पंडिता रमाबाईंचे संपूर्ण बायबल त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झाले. शब्द बदलले, ज्याच्याविषयी ते आहेत तो बदलला नाही.

मग मूळ मजकूरच बदलला, ह्या आरोपाचे काय? त्याला नम्रपणे उत्तर देता येते. कुरआन इंजीलच्या लोकांना इंजीलप्रमाणे निवाडा करण्यास सांगते (५:४७). त्या काळी ख्रिस्ती लोकांच्या हाती कोणते इंजील होते? सिनाई व व्हॅटिकन ह्या नावांनी ओळखली जाणारी ग्रीक हस्तलिखिते चौथ्या शतकातील, म्हणजे पैगंबरांच्या आधीची आहेत. त्यांत चारही शुभवर्तमाने आहेत, आणि त्यांत वधस्तंभ आहे. मार्काचा अखेरचा उतारा (१६:९-२०) व व्यभिचारी स्त्रीचा प्रसंग (योहान ७:५३-८:११) त्या दोहोंत नाहीत, हेही खरे. ते आपण लपवीत नाही. पुष्कळ आवृत्त्यांत तेथे कंस किंवा टीप असते. सत्याला झाकून ठेवण्याची गरज नसते.

बंधुभगिनींनो, दोन्ही धर्मांत सारे सारखेच आहे असे म्हणणे सोपे, पण प्रामाणिक नव्हे. एकच निर्माणकर्ता देव, न्यायाचा दिवस, अब्राहाम, मोशे, दावीद हे दोघांनाही मान्य आहेत. कुरआनच्या एकोणिसाव्या सूरेचे नावच 'मरयम' आहे. ते ग्रंथ येशूचा कुमारीच्या पोटी जन्म मान्य करतो, त्याला मसीहा व ईश्वराचे वचन म्हणतो (४:१७१). परंतु त्याच आयतीत त्याचे पुत्रत्व नाकारले आहे, आणि ४:१५७ मध्ये त्याचे वधस्तंभावरील मरण. आपल्यासाठी तर त्या मरणावाचून सुवार्ताच उरत नाही (१ करिंथ १५:३-४). हा भेद प्रीतीने सांगावा, पण सांगावा. आणि शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा (निर्गम २०:१६) त्याच्या श्रद्धेचे वर्णन करतानाही लागू आहे. त्याचा धर्म त्याच्याच तोंडून ऐकावा. ऐकीव निंदेवरून नव्हे.

आता ते टोचणारे वाक्य. मौलवीसाहेबांनी विचारले होते, देवाचे कोणते? मी तासभर बोललो. पण देवाचा शब्द एक व्यक्ती आहे, त्याने पाप्यांबरोबर भोजन केले, तो माझ्यासाठी मेला व पुन्हा उठला, हे माझ्या तोंडून एकदाही निघाले नाही. मी ग्रंथाची वकिली केली. ग्रंथाच्या धन्याची ओळख करून दिली नाही. माझी बाजू बिनतोड होती आणि माझी साक्ष रिकामी होती. पेत्र आपल्याला आशेचे कारण द्यायला सांगतो, तेही सौम्यतेने व आदराने. वाद जिंकायला नव्हे.

आपल्यापैकी अनेकांचे शेजारी, सहकारी, ग्राहक मुसलमान आहेत. कुरआन मुखोद्गत करणाऱ्या मुलाचा कष्ट पाहून आपल्या कपाटातील धूळ खाणाऱ्या शास्त्राची आपल्याला लाज वाटावी. ते उघडून वाचावे. आणि कोणी विचारलेच, ह्यांतले देवाचे कोणते, तर पानांच्या पलीकडे ज्याच्याकडे ती बोट दाखवतात त्याचे नाव घ्यावे. आपले वागणे त्या नावाला खोटे पाडीत नसेल, तरच ते ऐकले जाईल.

हे प्रभू, तुझा ग्रंथ हाती असताना आम्ही तुलाच विसरू नये, असे कर. आमेन.