यंत्राला मिशा कोणी लावल्या?

पुणे-सोलापूरकडून हैदराबादेला निघालेला राष्ट्रीय महामार्ग धाराशिव जिल्ह्यातील उमरगा ओलांडून कर्नाटकात उतरतो. एके काळी त्याचा क्रमांक ९ होता, आज तो ६५ आहे. या रस्त्याने ऊस जातो, वऱ्हाडे जातात. आणि या रस्त्यावरच्या गावांत मोटारसायकल हे तरुणाच्या प्रतिष्ठेचे पहिले लक्षण होऊन बसले आहे. लग्नाची बोलणी होताना ‘मुलाला गाडी’ हे शब्द अजून दबक्या आवाजात उच्चारले जातात, १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याला न जुमानता उच्चारले जातात. पैसा मुलीच्या बापाचा, ऐट मात्र जावयाची! ही ऐट आली कोठून, आणि तिला पुरुषपण म्हणावे काय, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

१९८९ मध्ये ‘हमारा बजाज’ ही जाहिरात घरोघरी पोहोचली, तेव्हा स्कूटर म्हणजे पुढे उभे राहिलेले पोर आणि मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली आई, असे साऱ्या कुटुंबाचे वाहन होते. २००१ साली त्याच कंपनीने पल्सर बाजारात आणली आणि तिला ‘डेफिनेटली मेल’ असे बिरुद दिले. वाहन कुटुंबाचे राहिले नाही. ते नर झाले. गंमत अशी की मराठीत गाडी स्त्रीलिंगी, मोटारसायकलही स्त्रीलिंगी. पल्सरलादेखील आपण ‘ती’च म्हणतो. व्याकरणाने जे नाकारले, ते जाहिरातीने बहाल केले.

पुढे काही वर्षांनी हीरो होंडाची प्लेझर ही स्कूटर आली. सारी मजा मुलग्यांनीच का करावी, असे तिची जाहिरात विचारीत होती. प्रश्न रास्त होता. तरी मुलींसाठी म्हणून जे वाहन पुढे आले ते वेगळे, हलके; म्हणजे कुंपण मोडले नाही, थोडे सरकले. परंतु या जाहिरातीला आम्ही सरसकट नावे ठेवणार नाही. खेड्यातून तालुक्याच्या कॉलेजात येणाऱ्या मुलीच्या हाती स्कूटर आली, की एसटी चुकण्याच्या धास्तीने तिचे शिक्षण थांबत नाही. विकणाऱ्याचा हेतू नफ्याचा असला, तरी उघडलेले दार खरे असते.

लॅटिन भाषेत सद्गुणाला ‘व्हिर्तुस’ म्हणतात. तो शब्द ‘व्हिर’ म्हणजे पुरुष यावरून आला. आपल्याकडे पुरुषार्थ हा शब्द आहे. दोन्ही भाषांनी चांगुलपणाची गाठ पुरुषाच्या नावाशी मारावी, हे खटकतेच. पण निदान चार पुरुषार्थांत धर्माला पहिले स्थान होते. जाहिरातीने नाव ठेवले आणि आशय काढून घेतला. तिचा पुरुष एकटा असतो, वेगात असतो, त्याला कोणाची वाट पाहावी लागत नाही, कोणी त्याची वाट पाहत आहे हे त्याच्या गावीही नसते. कोपऱ्यात बारीक अक्षरांत सूचना असते की हा स्वार कुशल आहे, अनुकरण करू नये. अनुकरण होऊ नये म्हणून जाहिरातीवर पैसा कोणी खर्च करतो काय?

२०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांतील चाळीस टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती, आणि एकूण मृतांत पुरुषांचे प्रमाण शंभरात पंच्याऐंशीच्या आसपास होते. रस्त्यावर पुरुषच अधिक असतात, हे त्याचे एक कारण. सारा दोष जाहिरातीच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. परंतु हेल्मेट डोक्यावर न घालता आरशाला अडकवणारा मुलगा कशाला लाजतो? सावधपणाला. सावधपणा बायकी आहे असे त्याला वाटते.

परमपीठाच्या सामाजिक संपर्क परिषदेने १९९७ मध्ये जाहिरातींच्या नीतीविषयी एक दस्तऐवज काढला. सत्य, मानवी प्रतिष्ठा आणि सामाजिक जबाबदारी या तीन कसोट्या त्यात सांगितल्या आहेत. स्त्रीच्या अवमानाविषयी त्यात स्पष्ट लिहिले आहे. भारतीय जाहिरात मानक परिषदेनेही २०२२ मध्ये लिंगभेदाच्या साचेबंद चित्रणाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे दिली. आम्हांला मात्र वाटते, की प्रतिष्ठेच्या कसोटीवर पुरुषाचे चित्रही घासून पाहावे. त्याला केवळ वेग आणि स्नायू एवढेच मानणे हाही अवमानच. मिसरदेशी पलायनाची चित्रे आपण पाहिली आहेत. शुभवर्तमानात गाढवाचा उल्लेख नाही, पण चित्रकार मरिया व बाळाला त्यावर बसवतात आणि संत योसेफ दोरी धरून पायी चालतो. त्याचे पुरुषपण कोणाला कमी वाटले आहे?

आणि यंत्र चालविणे तरी पुरुषाचे केव्हा होते? १८८८ मध्ये बेर्था बेंझ ही जर्मन स्त्री दोन मुलांना घेऊन नवऱ्याने बनवलेल्या मोटारीतून मानहाइमहून फोर्झहाइमला गेली. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास तो हाच. वाटेत इंधन तिने औषधाच्या दुकानातून घेतले. १९७४ मध्ये पुण्याच्या टेल्कोने नोकरीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असे छापले, तेव्हा सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड पाठवले, आणि त्याच कारखान्यात त्या इंजिनिअर झाल्या. साताऱ्याच्या सुरेखा यादव रेल्वेचे इंजिन चालवू लागल्या त्यालाही तीन दशके उलटून गेली होती, तेव्हा १३ मार्च २०२३ रोजी त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली. ती ठरल्या वेळेच्या पाच मिनिटे आधी पोहोचली.