कंसमामाची भाषा

माणसाने आपल्यामागे काय ठेवून जावे, या प्रश्नावर थोरामोठ्यांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. मी भंडाऱ्यातल्या एका कचेरीत कॉम्प्युटर सांभाळतो आणि येत्या मार्चअखेर निवृत्त होतो आहे; तेव्हा माझ्यापुरता हा प्रश्न एकशे चाळीस ओळींचा आहे.

त्याचं असं झालं. जुने फोल्डर रोज रात्री काढून टाकणारी एक शेल स्क्रिप्ट मी लिहिली होती. शेल ही मोठी भोळी बाई. मोकळी जागा दिसली की शब्द संपला, असं ती धरून चालते. कोणीतरी 'मार्च जुने' नावाचा फोल्डर केला. शेलने त्याची दोन नावं केली. 'मार्च' हा चालू हिशेब होता, तो पुसला. 'जुने' सापडेना, पण त्याबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. कारण कुरकुर करायची नाही, असं मीच तिला बजावलं होतं. नावाभोवती अवतरणचिन्हं घातली असती तर धानाचा अख्खा महिना वाचला असता. तो आम्ही पावत्या बघून अकरा दिवस पुन्हा टाइप केला.

मग मी तावातावाने लिस्पकडे गेलो. 1958 साली अमेरिकेत एमआयटीत जॉन मॅकार्थी यांनी मांडलेली ही भाषा. म्हणजे वयाने माझ्याहून वडील. क्लोजर ही तिची धाकटी बोली आणि असल्या किरकोळ कामांसाठी तिच्यातून 2019 साली निघालेली बाबाश्का. रशियात आजीला असंच काहीसं म्हणतात. या आजीच्या हाती दिलेलं नाव सहसा फुटत नाही, मधे कितीही मोकळी जागा असो. फक्त सगळं कंसात घालावं लागतं. माझी स्क्रिप्ट पाहून सौ. म्हणाली, "ही भाषा देवकीच्या भावाने काढलेली दिसते."

दोन वर्षं एक फाइल हरवली नाही. मी खुशीत होतो. मग माझ्या जागी येणारी तुमसरची मुलगी म्हणाली, "सर, तुमच्यामागं हे कोण वाचणार?"

"तू शिकशील."

"मी शिकीन जी. पण माझ्या मागची?"

झोप उडाली. आमच्याकडचे मालगुजारी तलाव आठवले. कुठलं पाणी कुणाच्या बांधीत कधी सोडायचं, हे गावातल्या चार माणसांना तोंडपाठ. 1951 मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि पुढे कित्येकांत गाळ साचला. बांधणाऱ्यांनी तलाव चांगलेच बांधले होते हो! मग मी चांगली स्क्रिप्ट मागे ठेवतो आहे, की स्वतःवाचून अडणारं गाव? चुकणारी पण चारचौघांना कळणारी शेल बरी, असंही मध्यरात्री वाटून गेलं. सकाळी ते अकरा दिवस आठवले आणि वाटेनासं झालं.

तडजोड म्हणून प्रत्येक कामाच्या वर अर्धविराम देऊन मराठीत खुलासा लिहिला. अर्धविरामापुढचं लिस्प वाचत नाही. ते फक्त माणसांसाठी. मुलीने एका दुपारी सगळं वाचून काढलं. मी शाबासकीची वाट पाहत बसलो होतो.

"सर, खुलाशात सात दिवस लिहिलंय. खाली कंसात सतरा आहे. खरं कोणतं धरू?"

मी चष्मा पुसायला घेतला.