त्यांनी स्वतः यावे



फिलिप्पै येथील बंदिशाळेचा प्रसंग (प्रेषितांची कृत्ये, अध्याय 16) आपण अनेकदा ऐकला आहे. मध्यरात्रीची स्तोत्रे, भूमिकंप, उघडलेली दारे, नायकाचे तारण. आपले प्रवचन बहुधा येथेच आटोपते. आज त्यापुढील सहा वचने पाहू.

उजाडताच अधिकाऱ्यांनी चोपदारांकरवी निरोप धाडला की, त्या माणसांना सोडून द्यावे. प्रकरण गुपचूप मिटत होते. पण पौल जाईना. चौकशीवाचून, सर्वांदेखत रोमन नागरिकांना छड्या मारल्या, आणि आता गुपचूप घालवू पाहता काय, असे त्याने विचारले. अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हांस बाहेर न्यावे, एवढीच त्याची मागणी होती. त्याने भरपाई मागितली नाही, कोणाची नोकरी घालवली नाही. ते आले, आणि त्यांनी विनवणी केली.

हा अहंकार होता काय? ज्या नायकाने त्याचे पाय खोड्यात अडकवले, त्याच्याच घरी पौल त्या रात्री जेवला होता. क्षमा रात्रीच झाली होती. जाब सकाळी विचारला गेला. पौल निघून जाणार होता, परंतु लुदिया आणि नायकाचे कुटुंब त्याच गावात राहणार होते. प्रेषित चोरासारखा निसटला असता, तर मागे राहिलेल्यांकडे लोकांनी कोणत्या दृष्टीने पाहिले असते? पुढे थेस्सलनीकाकरांस लिहितानाही पौलाने फिलिप्पैतील तो अपमान लपवला नाही. खुद्द प्रभूनेही चपराक मारणाऱ्या शिपायाला कारण विचारले (योहान 18:23).

आता मला माझा दोष कबूल केला पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील एका तरुणाला चोरीच्या संशयावरून ठाण्यात नेऊन दोन रात्री मारहाण झाली. खरा चोर सापडल्यावर त्याला सोडून दिले. त्याची आई माझ्याकडे आली. मी प्रार्थना केली आणि म्हणालो, “बाई, क्षमा करा, विसरून जा.” मी त्याला क्षमा म्हटले, खरे तर ती माझी भीती होती.

ओडिशातील एका आईने असे केले नाही. नीलाबती बेहेरा यांचा 22 वर्षांचा मुलगा डिसेंबर 1987 मध्ये पोलिसांच्या ताब्यात असताना नाहीसा झाला व दुसऱ्या दिवशी रेल्वे रुळावर मृत आढळला. तो पळाला व गाडीखाली आला, असे पोलिसांचे म्हणणे. आईने सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले. त्या पत्रालाच याचिका मानून न्यायालयाने 1993 मध्ये राज्याला दीड लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले. 1996 च्या डी. के. बसू निकालाने नियमच घालून दिले: अटकेचा लेखी कागद, त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकांस खबर, कोठडीत दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी.

म्हणून, वाचकहो, असे कोणावर ओढवले तर प्रथम त्याला सरकारी दवाखान्यात न्या व जखमांची नोंद करून घ्या. ठाण्यात तक्रार घेतली नाही, तर ती लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. तेथेही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे तक्रारीस शुल्क नाही, मात्र ती एक वर्षाच्या आत करावी लागते. त्या तरुणाचे ते वर्ष माझ्या उपदेशात गेले.

अर्जदाराला एकट्याने जाऊ देऊ नका. पाळकाने व मंडळीच्या दोघा वडिलांनी सोबत जावे, आणि ठाण्यात आवाज चढवू नये. आपल्या मंडळ्यांत पोलीस खात्यात नोकरी करणारे बंधूही आहेत, याचा विसर पडू देऊ नका. त्या नायकाने बाप्तिस्मा घेण्यापूर्वी, त्याच घटकेस, कैद्यांच्या जखमा धुतल्या होत्या.