फुरसत कुणाची?

जांब समर्थ हे घनसावंगी तालुक्यातलं गाव. १६०८ साली इथं रामदास जन्मले. बारा वर्षांचे असताना ते बोहल्यावरून पळाले, पुढं देशभर हिंडले, असं सांगतात. त्या हिंडण्याला तीर्थाटन म्हणतात. याच मुलखातून आमची पोरं बाहेर पडली की म्हणतात, पोट भरायला गेली.

कोण ही पोरं? आईबापानं ऊस तोडून, मुकादमाची उचल फेडत शिकवलेली. कुणी बी.ए., कुणी डी.एड. वाळूजला नाहीतर चाकणला ठेकेदाराकडं हेल्पर, नाहीतर सोसायटीच्या गेटवर वॉचमन. येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं वहीत लिहायची, शिक्षणाचा तेवढाच उपयोग.

यावर शहाणे लोक श्रमप्रतिष्ठा सांगतात. कुठलंच काम हलकं नसतं म्हणे. कबूल. आमच्या आयांनी उभा जन्म कोयता चालवला, त्या कामाला आम्ही हलकं म्हणणार नाही. पण ही शिकवण ज्याच्या हातात झाडू आहे त्यालाच का? खुर्चीवरच्याला कुणी का सांगत नाही?

मग काम हलकं नसेल तर अन्याय कुठं आहे? मला वाटतं, डिग्रीसारखी नोकरी न मिळणं हा अर्धा अन्याय. उरलेला अर्धा कामानंतरच्या तासांत आहे.

बाबासाहेबांनी १९४५ साली ‘व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स’ या ग्रंथात यंत्राची बाजू घेतली ती याचसाठी. माणसाला जनावरापासून वेगळं करते ती संस्कृती. संस्कृतीला फुरसत लागते, आणि ती यंत्रामुळं मिळू शकते, असा त्यांचा युक्तिवाद. मजूर खातं त्यांच्याकडं असताना, १९४६ साली, कारखाना कायदा दुरुस्त झाला आणि बारमाही कारखान्यांतला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. म्हणजे फुरसत ही चैन नव्हे, हक्क आहे.

आणि आज? बारा तास ड्यूटी, दोन तास जाणं-येणं, मग स्वयंपाक. मोबाईल बघता बघता डोळा लागतो. रविवारी एका खोलीत सहा जण, पुस्तक उघडायला कोपरा नाही. म्हणून बागेतला बाक. १९१७ साली कोलंबियात शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात पारशी सरायीतून बाहेर काढलं, तेव्हा त्यांनाही कामाठी बागेतच बसून राहावं लागलं. बागेत बसलेला प्रत्येक माणूस फुरसतीत नसतो.

वर सांगतात, जुळवून घ्या. शहराची बोली उचलली तर काही बिघडत नाही. जिथं जावं तिथलं बोलणं माणूस शिकतोच. पण खोली मिळावी म्हणून आडनाव गाळायचं, १४ एप्रिलची रजा दुसऱ्याच कारणानं मागायची, याला जुळवून घेणं म्हणत नाहीत. हे लपणं झालं. लपलेल्या माणसाला सुट्टी नसते. तो रविवारीसुद्धा पहाऱ्यावरच असतो.

तेव्हा मित्रांनो, नोकरीचं भांडण चालू ठेवाच. त्याबरोबर आठ तासांचंही भांडा, आणि खऱ्या नावानं मिळणाऱ्या खोलीचंही. तोवर वस्तीतल्या विहारात एक कपाट पुस्तकांचं ठेवा आणि रात्री दिवा चालू ठेवा. ड्यूटीवरून येणाऱ्याला तिथं आडनाव विचारलं जाणार नाही, एवढं तरी आपल्या हातात आहे.